गावात नेट घ्यायचंय? प्लॅन नंतर बघा, आधी तार कोण जोडतो ते विचारा

खानदेशात बदली होऊन आलेले गुरुजी, बँकेत नव्यानं रुजू झालेला क्लार्क, पुण्याची नोकरी लॅपटॉपात घेऊन गावी परतलेला पोरगा, सगळ्यांचा पहिल्या आठवड्यातला प्रश्न एकच असतो: "इथं नेट कोणाचं चांगलं?" पारावर विचारलं तर तीन माणसं चार उत्तरं देतात, आणि गंमत म्हणजे चारही खरी असतात. एकाच गावात बाजारपेठेत एका कंपनीची तार उत्तम चालते आणि नदीपलीकडच्या प्लॉटात तीच कंपनी आठवड्यातून दोनदा झोपते.

मी अमळनेर तालुक्यात राहतो, घरून व्यापाऱ्यांच्या हिशेबाचं काम करतो. नेट गेलं की माझं काम बंद. पहिलं कनेक्शन घेताना मी शहाणपणा केला: सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले, एक महिना फुकट मिळाला म्हणून खूश झालो. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. दोनच महिन्यांत कडब्यानं शिगोशिग भरलेली ट्रॉली गल्लीतून गेली आणि रस्त्यावरून आडवी गेलेली तार सोबत घेऊन गेली. शेजारचं पोरगं धावत आलं, "नाना, तार ट्रॉलीमा अडकीसन तुटी गयी!" फोन केला तर कॉल सेंटरवरचा मुलगा फार गोड बोलायचा, रोज नवा तक्रार क्रमांक द्यायचा. तार जोडायला माणूस अकराव्या दिवशी आला. त्याला जोडायला वीस मिनिटं लागली.

तेव्हापासून नव्या माणसाला मी प्लॅन सांगत नाही. कसं निवडायचं ते सांगतो.

आधी गरज मोजा, हौस नंतर

यूट्यूबवर साधा एचडी व्हिडिओ बघायला ५ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) पुरतात, फोर-के लावला तर २०. व्हिडिओ कॉलला याहून कमी लागतं. चौघांच्या घरात टीव्ही चालू, एकाचा क्लास चालू, दोघं मोबाइलवर, असं धरलं तरी ३० ते ४० एमबीपीएसमध्ये भागतं. १०० चा प्लॅन वाईट नाही, पण "३० मध्ये काहीच होत नाही" असं विकणारा म्हणत असेल तर तो विकतोय हे लक्षात ठेवा. सरकारी व्याख्येत तर २०२३ पासून किमान २ एमबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड. तेवढ्यावर आज कोणाचं भागत नाही, हा भाग वेगळा.

एक गोंधळ नेहमी होतो. प्लॅनमधला आकडा मेगाबिटचा असतो आणि फाइल उतरवताना दिसतो तो मेगाबाइटचा. आठानं भागायचं. ३० चा प्लॅन म्हणजे सेकंदाला पावणेचार मेगाबाइट, म्हणजे एक जीबीची फाइल साडेचार मिनिटांत. "३० सांगितले आणि चारच येतात" म्हणून भांडायला गेलेले लोक मी पाहिलेत. एक जण मीच होतो.

तुमचं काम फोटो-व्हिडिओ वर पाठवायचं असेल, किंवा शेतातले, दुकानातले कॅमेरे बाहेरून बघायचे असतील, तर अपलोड किती ते वेगळं विचारा. तारेच्या कनेक्शनवर बहुतेक ठिकाणी येणं-जाणं सारखं मिळतं. हवेतून येणाऱ्या कनेक्शनवर अपलोड बरंच कमी असतं.

गल्लीत फिरा, वर बघत

कंपनीच्या वेबसाइटवर पिनकोड टाकला की "आपल्या भागात सेवा उपलब्ध" असं येतं. पिनकोड म्हणजे दहा-वीस गावं. त्यावर विश्वास ठेवू नका. संध्याकाळी ऊन उतरल्यावर घरापासून चारी दिशांना दोनशे पावलं चाला आणि खांबांकडे बघा. काळी बारीक तार, तिच्यावर टांगलेले छोटे डबे आणि त्यांवर लिहिलेली नावं दिसतील. तुमच्या घराजवळ ज्याचा डबा आहे तोच तुमचा खरा पर्याय.

आपल्याकडे साधारण असं चित्र दिसतं. जळगाव, धुळे, भुसावळसारख्या शहरांत मोठ्या कंपन्यांचं फायबर, म्हणजे प्रकाशातून नेट नेणारी काचेची तार, आहे. तालुक्याच्या गावी जिओ किंवा एअरटेल काही भागांत, सोबत बीएसएनएलचं भारत फायबर, आणि जुना केबलवाला, जो आता नेटही देतो. खेड्यात बहुतेक वेळा बीएसएनएल नाहीतर केबलवाला, आणि दोन्ही नसतील तर मोबाइलचा टॉवर. सातपुड्याच्या पायथ्याशी आणि वर, धडगाव-अक्कलकुव्याकडे, तोही पाडा बदलला की बदलतो.

ग्रामपंचायतीतही एक चक्कर मारा. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट या नावानं चाललेल्या योजनेत ग्रामपंचायतींपर्यंत फायबर आणायचं काम झालं. काही ठिकाणी त्याच फायबरवरून घरांना कनेक्शन देतात, काही ठिकाणी त्याचा डबा कपाटावर धूळ खात पडलेला असतो. आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्याला विचारा, दाखले तोच काढतो, नेट चालतं की नाही त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

आता तो माणूस शोधा

मोठी कंपनी असो, बीएसएनएल असो, तुमच्या गल्लीतली तार शेवटी कोणा एका स्थानिक माणसाच्या हातात असते. बीएसएनएलचं फायबरही बऱ्याच ठिकाणी स्थानिक भागीदारच ओढतो आणि सांभाळतो. त्याच्याकडे शिडी आहे का, फायबर जोडायचं मशीन स्वतःचं आहे का की दर वेळी जळगावहून मागवावं लागतं, हाताखाली पोरं किती, यावर तुमचं वर्षभराचं सुख अवलंबून आहे.

हे थेट विचारलं तर तो "सगळं आहे भाऊ" म्हणणार. म्हणून त्याला विचारू नका. त्याच गल्लीतल्या तीन घरांत विचारा: शेवटचं नेट कधी गेलं, किती दिवसांनी आलं, कोण आलं होतं? किराणा दुकानदार, झेरॉक्सवाला आणि ऑनलाइन फॉर्म भरणारा, हे तिघे उत्तम साक्षीदार. नेट गेलं की त्यांचा धंदा बुडतो, त्यामुळे त्यांना तारखा पाठ असतात.

केबलवाल्याकडून घेत असाल तर दोन गोष्टी विचाराच. पहिली, नेटमागे परवाना कोणाचा? दूरसंचार खात्याचा परवाना असलेल्या एखाद्या कंपनीचा तो फ्रँचायझी असतो, आणि पावतीवर त्या कंपनीचं नाव यायला हवं. वहीच्या चिठोऱ्यावर पावती देत असेल तर पुढे तक्रार कोणाविरुद्ध करणार? दुसरी, घरापर्यंत फायबर येणार की चौकापर्यंतच फायबर आणि पुढे लॅनची वायर? हा फरक छोटा वाटतो, पण आपल्या हवामानात फार मोठा आहे. लॅनची वायर तांब्याची असते. रोहिणी-मृगाच्या वादळात वीज कडाडली की त्या वायरीतून झटका येतो आणि चौकातल्या स्विचचे, म्हणजे घरोघर नेट वाटणाऱ्या डब्याचे, पोर्ट जळतात, कधी घरातला राउटरही. फायबर काचेचं, त्यातून वीज येत नाही. शिवाय चौकातला तो स्विच विजेवर चालतो. लाइट गेली की तोही गेला, मग तुमच्या घरात इन्व्हर्टर असून काय उपयोग? घरापर्यंत आलेल्या फायबरच्या वाटेत प्रकाश वाटून देणारे जे स्प्लिटर असतात त्यांना वीज लागत नाही.

रात्री नऊला शेजाऱ्याकडे चहाला जा

कनेक्शन घेण्याआधी ज्याच्याकडे तेच नेट आहे अशा घरी रात्री ९ ते १० च्या दरम्यान जा. गावातली सगळी घरं त्याच वेळी टीव्ही-मोबाइल लावून बसलेली असतात. त्यांच्या वायफायवर, राउटरच्या शेजारी उभं राहून ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) मायस्पीड अ‍ॅपवर किंवा कुठल्याही स्पीडटेस्टवर मोजा. दुपारी तीनला ४० दाखवणारं कनेक्शन रात्री ६ वर येत असेल, तर ऑपरेटरनं वरून कमी बँडविड्थ घेऊन जास्त घरांना वाटलीय. हे असं सगळेच थोडंफार करतात, प्रमाण किती एवढंच बघायचं. रात्री निम्म्याच्या वर टिकलं तर मी चांगलं म्हणतो.

पैशाचं गणित

जाहिरातीतला आकडा करासकट नसतो. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. ४९९ चा प्लॅन हातात पडतो ५८८ रुपये ८२ पैशांना, ३९९ चा ४७० रुपये ८२ पैशांना. त्याशिवाय जोडणीचे पैसे, घरातल्या डब्याची (राउटरची) अनामत, तार लांबून आणायची असेल तर मीटरमागे पैसे, हे सगळं आधी विचारून कागदावर घ्या. डबा तुमच्या मालकीचा की कंपनीचा, हेही लिहून घ्या.

"अनलिमिटेड" या शब्दाला शेपूट असतं. फायबरच्या अनेक प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबीनंतर वेग उतरतो. रोजचे ११० जीबी झाले, सामान्य घराला ते संपत नाहीत, त्यामुळे त्याची काळजी नको. टॉवरवरून हवेतून येणाऱ्या जिओ एअरफायबरवर ही मर्यादा १००० जीबीची आहे. तीही पुरते, पण घरात दोन टीव्ही दिवसभर चालत असतील तर नजर ठेवा. ओटीटीच्या अ‍ॅप्सची लांबलचक यादी बघून महाग प्लॅन घेऊ नका. त्यातली किती तुम्ही उघडता ते आपलं आपल्याला माहीत असतं.

मोबाइलच्या खर्चाशी जोडून बघितलं तरच हे गणित पूर्ण होतं. रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा रिचार्ज सुमारे ३०० रुपयांना पडतो आणि वर्षात असे १३ करावे लागतात. चार मोबाइल असतील तर वर्षाला १५,६०० रुपये. घरात फायबर आलं तर आई-अण्णांच्या फोनवर डेटा कशाला? ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या आदेशानंतर कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज द्यावे लागले. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ते तळाशी कुठंतरी दडलेले असतात, शोधून काढा. आमच्या घरी फायबरचा निम्म्याहून जास्त खर्च तिथूनच निघाला.

आणि पहिल्याच दिवशी सहा महिने किंवा वर्षाचे पैसे भरू नका. पहिले दोन महिने महिन्याचाच प्लॅन घ्या, फुकटचा महिना गेला तरी चालेल. एकदा पावसाळा पाहिला, तार तुटल्यावर माणूस कधी येतो ते पाहिलं, की मग खुशाल वर्षाचं भरा.

जोडणीच्या दिवशी घरी थांबा

पोरगं तार घेऊन येईल आणि जिथं खिडकी जवळ पडेल तिथं डबा ठोकून जाईल. त्याला तसं करू देऊ नका. डबा घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर हवा. जुन्या धाब्याच्या घरांच्या भिंती दीड-दोन फूट मातीच्या असतात, त्यांतून वायफाय जेमतेम पलीकडं जातं. अशा घरात वायफायच्या ५ गीगाहर्ट्‌झपेक्षा २.४ च्या पट्ट्यावर मोबाइल जोडला तर वेग कमी पण पोच जास्त मिळते. पत्र्याच्या खोलीत पत्र्याला लागून डबा लावू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. भर दुपारी नेट अडखळतं आणि रात्री आपोआप नीट होतं, असं असेल तर कंपनीला दोष देण्याआधी डब्याला हात लावून बघा.

रस्ता ओलांडणारी तार किती उंचावरून गेली ते बाहेर उभं राहून बघा. कडब्याची ट्रॉली, केळीचा ट्रक, डीजेची गाडी, हे सगळं तिच्याखालून जाणार आहे. खाली वाटली तर तेव्हाच वर घ्यायला लावा, एकदा पोरगं शिडी घेऊन गेलं की पुन्हा येत नाही. शक्य असेल तर रस्ता न ओलांडता आपल्याच बाजूच्या खांबावरून जोड मागा. घरात शिरताना फायबर काटकोनात दुमडू नका, काच आहे ती. मोठी गोलाई द्या. खिळा ठोकून तार दाबणारेही असतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा.

मग एवढंच म्हणा: "भाऊ, पॉवर किती येते ते दाखव." पॉवर म्हणजे तारेतून येणाऱ्या प्रकाशाची ताकद. त्याच्याकडे छोटं मीटर असतं, नाहीतर डब्याच्या सेटिंगमध्ये दिसतं. आकडा उणे असतो. उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान असेल तर उत्तम. उणे २७ च्या पलीकडे गेला तर कुठंतरी जोड कच्चा आहे, आज चालेल आणि पहिल्या पावसात जाईल. माझ्या दुसऱ्या कनेक्शनच्या वेळी उणे २९ दाखवत होतं. पोरगं म्हणालं, "चालतं नाना." मी चहा ठेवला आणि म्हटलं, चहा होईपर्यंत खांबावरचा जोड परत कर. परत केल्यावर उणे २१ आला. नुसतं टोक नीट कापलेलं नव्हतं.

डब्यावरच्या दिव्यांची ओळखही तेव्हाच करून घ्या. पॉनचा (PON) दिवा स्थिर हिरवा म्हणजे तार ठीक. लॉसचा (LOS) लाल दिवा लुकलुकायला लागला म्हणजे प्रकाश येत नाही, तार तुटली किंवा पिन निघाली. हे फोनवर सांगता आलं की "राउटर बंद करून चालू करा" हा पहिला अर्धा तास वाचतो. वायफायचा पासवर्ड त्याच दिवशी बदला. शेजाऱ्याशी वाटून घेणार असाल तर ध्यानात ठेवा, कनेक्शन तुमच्या नावावर आहे. त्या नेटवरून कोणी काही उद्योग केला तर पोलीस आधी तुमच्या दारात येणार.

लाइट

"लाईट उनी का?" (लाइट आली का?) हा आपल्याकडचा राष्ट्रीय प्रश्न. राउटरला १२ व्होल्टची थोडीशी वीज लागते. त्यासाठी इन्व्हर्टर नको, हजार-दीड हजारात मिळणारा राउटरचा छोटा यूपीएस तीन-चार तास काढतो. घेताना डब्याच्या अडॉप्टरवर किती अँपिअर लिहिलंय ते बघून तेवढाच घ्या. शेतात घर असेल तर वीज कुठल्या फीडरवरून (वीजवाहिनीवरून) येते ते आधी विचारा. गावठाण फीडरवर आणि शेतीच्या फीडरवर वीज वेगवेगळ्या वेळी असते, त्यावर यूपीएस केवढा लागेल ते ठरतं. ऑपरेटरच्या मुख्य मशीनला बॅटरी आहे का, हेही विचारा. त्याची बॅटरी दोन तासांची असेल तर तुमची आठ तासांची घेऊन फायदा नाही.

तारच नसेल तर

२०२३ मध्ये जिओ आणि एअरटेलनं एअरफायबर आणलं. गच्चीवर एक डबा, तो टॉवरवरून ५जी घेतो आणि घरात वायफाय देतो. टॉवर जवळ आणि नजरेत असेल तर छान चालतं. मागवण्याआधी त्याच कंपनीचं सिम असलेला ५जी फोन घेऊन गच्चीवर जा आणि रात्री नऊची तीच परीक्षा घ्या. कंपन्यांनी वेबसाइटवर कव्हरेजचे नकाशे दिलेत, तेही बघा, पण नकाशाला तुमच्या घरासमोरचं चिंचेचं झाड दिसत नाही. केळीच्या बागेमधल्या घराला तर गच्चीवर चढल्याशिवाय काही कळत नाही.

५जी नसेल तर ४जीचा सिम टाकायचा राउटर. तो बाहेरचा अँटेना जोडता येईल असा घ्या, आणि सिम घेण्याआधी दोन-तीन कंपन्यांची सिमं पाहुण्यांकडून उसनी घेऊन तपासा. उपग्रहाच्या नेटबद्दल बरेच विचारतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारनं स्टारलिंकसोबत इरादापत्र केलं, त्यात नंदुरबारचं नाव आहे, पण ते सरकारी संस्था आणि दुर्गम भागांसाठी. घरगुती नेटचा निर्णय त्यासाठी थांबवू नका.

बंद पडलं तर

लाइनमनला फोन कराच, पण सोबत कंपनीच्या नंबरवर किंवा अ‍ॅपवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. नुसत्या लाइनमनला सांगितलेली तक्रार कागदावर नसतेच. तारेच्या कनेक्शनचा बिघाड ३ दिवसांत निघाला नाही तर ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ट्रायच्या नियमांप्रमाणे भरपाई द्यावी लागते. मिळाली नाही तर ती मागा. ऐकलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जायचं. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथं पत्र लिहून वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीत बोलता येतं. ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी तिथं चालतात, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

बदली झाली किंवा घर बदललं, तर रिचार्ज नुसता थांबवून निघून जाऊ नका. बंद करायचा अर्ज द्या, डबा आणि अडॉप्टर परत करा आणि परत केल्याची पावती घ्या. पोरगं म्हणेल, "राहू द्या गुरुजी, मी नेतो नंतर." त्याच्या हातात डबा देतानाचा एक फोटो तरी काढा, डब्यावरचा नंबर दिसेल असा. अनामत त्याच नंबरवर परत येते.